दोरीवाल्या ताईंना मी काय सांगितलं

आमच्या मुरबाडच्या शाळेत शनिवारी सकाळची शाळा असते आणि शेवटचे दोन तास स्काऊट-गाईडचे. मी एका सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, आमचा शनिवार सुटीचा. मुलगी सहावीत गाईडमध्ये गेली तेव्हा पालकसभेत बाईंनी विचारलं, "मदतीला कोण येईल?" मी हात वर केला. समाजसेवेची हौस होती असं नाही. नवरा कल्याणला नोकरीला, त्याला शनिवारीही जावं लागतं, आणि घरात एकटीनं बसून मला कंटाळा आला होता.

या बाई विज्ञान शिकवायच्या आणि गाईडचं पथक सांभाळायच्या. मुली त्यांना कॅप्टन बाई म्हणायच्या, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. मदतीला येणाऱ्या आम्ही पाच-सहा आया. मुलींना पाणी द्यायचं, प्रथमोपचाराची पेटी सांभाळायची, कुणाला चक्कर आली तर सावलीत बसवायचं, सहलीला सोबत जायचं, एवढंच काम.

त्यांतल्या एक टोकावड्याच्या पुढच्या एका गावातून यायच्या. त्यांच्याकडे भातशेती. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात होती आणि गाईडमध्ये दोघी एकाच टोळीत, मोगरा टोळीत. शनिवारी त्या मुलीबरोबरच सकाळच्या एसटीनं यायच्या आणि दुपारच्या गाडीनं तिला घेऊन परत जायच्या. पहिल्या शनिवारी आल्या तेव्हा कॅप्टन बाई पुस्तक हातात धरून मुलींना गाठी शिकवत होत्या. इंग्रजी नाव वाचायचं, चित्र बघायचं, दोरी फिरवायची, गाठ सुटायची. ताई थोडा वेळ बघत राहिल्या. मग पुढे होऊन म्हणाल्या, "बाई, ही तर वासराची गाठ. द्या इकडं." त्यांनी झेंड्याच्या खांबाला दोरीचे दोन वेढे दिले आणि ओढून दाखवलं. खांब हलला, पण गाठ हलली नाही. दुसरी पेंढ्याच्या भाऱ्याची निघाली, तिसरी विहिरीतल्या कळशीची. पुस्तकातल्या सगळ्या गाठी त्यांच्या गोठ्यात आणि खळ्यावर होत्या, नावं तेवढी वेगळी. पुढच्या शनिवारपासून त्या घरून दोऱ्यांची पिशवी आणायला लागल्या आणि त्यांचं नाव पडलं दोरीवाल्या ताई.

त्याच पहिल्या दिवशी डबा खायला बसलो तेव्हा त्यांनी माझ्या डब्यातली भाजी मागून घेतली. "कशाची केलीव, मॅडम? जरा द्या की." किती सांगितलं तरी मला मॅडमच म्हणायच्या. बाकीच्यांतल्या दोघीजणी माझ्या डब्यातलं घेत नसत. कधी उपास असायचा, कधी पोट भरलेलं असायचं. आम्ही बौद्ध. मी असल्या गोष्टींची नोंद ठेवत नाही असं म्हणते, पण ती राहते. ताई दर शनिवारी घेत होत्या. आपली नाचणीची भाकरी अर्धी मोडून माझ्या झाकणावर ठेवत होत्या.

असं वर्षभर चाललं. मुली सातवीत गेल्या. गणपतीनंतर त्यांच्या मुलीला ताप आला. आधी गावात औषध झालं, मग मुरबाडला आणि मग कल्याणला नेलं. आठव्या दिवशी ती गेली.

आम्ही सगळ्याजणी ताईंच्या गावी जाऊन आलो. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्या मुलीला मी नेलं नव्हतं. ती "मला यायचंय" म्हणत होती, मी "नंतर जाऊ" म्हटलं.

तेराव्यानंतरच्या शनिवारी गाईडचे तास सुरू व्हायच्या आधी मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. एसटी थांबली आणि ताई उतरल्या. एकट्या. खांद्याला दोऱ्यांची पिशवी. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "उशीर नाय ना झाला?"

मी "नाही" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

कॅप्टन बाईही आधी गडबडल्या, मग त्यांनी "या ताई" म्हटलं. मुली गप्प झाल्या होत्या. पण ताईंनी पिशवी उघडली, दोऱ्या वाटल्या आणि मागच्या वेळी राहिलेली गाठ दाखवायला सुरुवात केली. अर्ध्या तासात मुली नेहमीसारख्या बोलायला लागल्या. मला वाटलं, बरं झालं. हिला घरात बसवत नसेल. येऊ दे.

मग गिनतीचं सुरू झालं.

मैदानात टोळ्या रांगेत उभ्या राहतात आणि "गिनती कर" म्हटलं की पहिलीपासून मुली एक-एक आकडा म्हणत जातात. मोगरा टोळीत आठ मुली होत्या. पाचवा आकडा ताईंच्या मुलीचा. आता सात राहिल्या होत्या. त्या शनिवारी मुलींनी एक, दोन, तीन, चार म्हटलं, क्षणभर थांबल्या आणि पुढची मुलगी म्हणाली, सहा. मग सात, आठ.

कॅप्टन बाईंनी हळूच सांगितलं, "पोरींनो, सलग म्हणा." मुलींनी परत म्हटलं, यावेळी सातपर्यंत, बरोबर. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. चार, मग ती जागा, मग सहा. त्यांनी ठरवलं नव्हतं, मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आई, तोंडातून तसंच येतं. माझा नंबर सहा आहे ना." ती त्या मुलीच्या शेजारी उभी राहायची. अजूनही मध्ये एका मुलीपुरती जागा सोडूनच उभी राहत होती.

तिसऱ्या शनिवारी मी पाण्याची बाटली घेऊन ताईंच्या बाजूलाच उभी होते. गिनती चारपर्यंत आली आणि थांबली. त्या थांबण्यात मला माझ्या शेजारून आवाज ऐकू आला. अगदी हलका. "पाच." ताईंनी म्हटलं होतं. त्या रांगेकडे बघत होत्या, ओठ हलले होते आणि चेहरा शांत होता. मग माझी मुलगी म्हणाली, "सहा."

मी बाटली घेऊन तिथून बाजूला सरकले.

इथे मला माझ्या घराबद्दल सांगायला हवं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक नदीत सोडले होते. दृष्ट, बाधा, अपशकुन हे शब्द आमच्या घरात कुणी बोललं तर वडील जेवणावरून उठायचे. मी त्यांची मुलगी. ऑफिसात कुणी लिंबू-मिरची बांधली तर हसते. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी मुलीला आंघोळ करायला लावली. का, ते तिनं विचारलं. "धुळीत होतीस" म्हटलं.

पुढचे दोन महिने ताईंनी एक शनिवार चुकवला नाही. कापणीच्या दिवसांतही आल्या. त्या मुलींच्या वेण्या घालायच्या, सुटलेली रिबीन बांधायच्या. सगळ्यांच्याच करायच्या, पण माझ्या मुलीपाशी जास्त वेळ थांबायच्या असं मला दिसायला लागलं. ते खरं होतं की मी तसं बघत होते, हे आज मला सांगता येणार नाही. मुलगी त्यांच्याजवळ खुशीत असायची. त्या तिला त्यांच्या मुलीच्या गोष्टी सांगायच्या आणि हीही त्यांना सांगायची. वर्गात दोघींनी काय खोड्या केल्या, कुणाचा खोडरबर लपवला. एकदा दोघी हसत होत्या. मी लांबून बघत होते आणि मला ते हसणं सहन होईना.

नोव्हेंबरात एका शनिवारी घरी आल्यावर माझं लक्ष गेलं, तर मुलीच्या गळ्यातल्या स्कार्फला नेहमीचं प्लॅस्टिकचं कडं नव्हतं. लाल सुतळीचं, बारीक विणलेलं कडं होतं. मी ते ओळखलं. ताईंनी स्वतःच्या मुलीसाठी विणलं होतं. सगळ्या पथकात तसं एकच होतं.

"हे कुठून आलं?"

"मावशींनी दिलं. तिचं होतं. म्हणाल्या, पेटीत पडून राहील, तू घाल."

मुलगी आंघोळीला गेल्यावर मी ते स्कार्फवरून काढलं. हातात धरवेना. कागदात गुंडाळलं आणि पुढच्या शनिवारी ताई मैदानात असताना त्यांच्या पिशवीत दोऱ्यांच्या खाली सरकवलं. मुलीला सांगितलं, हरवलं. ती दिवसभर दप्तर शोधत होती. ताईंना ते घरी गेल्यावर सापडलं असणार. त्या कधी काही बोलल्या नाहीत.

डिसेंबरात सिद्धगडाच्या पायथ्याशी तीन दिवसांचं शिबिर ठरलं. त्याच्या तयारीसाठी आम्ही आया आणि कॅप्टन बाई एका वर्गात बसलो. ताई नव्हत्या, त्यांना मुद्दामच सांगितलं नव्हतं. एक आई म्हणाली, "मी स्पष्ट बोलते. त्यांना शिबिराला न्यायला नको. त्या गेलेल्या मुलीचा आकडा मोजतात. माझ्या पोरीनं ऐकलंय." दुसरी म्हणाली, "दुःख आहे, कबूल. पण आपल्याही मुली आहेत." तिसरी हळू आवाजात म्हणाली, "लेकीला सोडून येत नाय ती. बरोबर घेऊन येते. रानात, गडाखाली, असल्या ठिकाणी कशाला?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तुम्ही काय बोलताय, असं म्हणायला हवं होतं. वडील असते तर उठून गेले असते. मी टेबलावरच्या यादीकडे बघत राहिले.

कॅप्टन बाई म्हणाल्या, "माझ्याच्यानं त्यांना हे सांगवणार नाही." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुमच्या मुली मैत्रिणी होत्या, तुम्ही एकत्र जेवता, तुमचं त्या ऐकतील. मी हो म्हटलं. माझ्यावर लादलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. तसं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्या शनिवारी दुपारी मी ताईंबरोबर एसटी स्टँडवर गेले. टोकावड्याची गाडी लागायची होती. बाकावर बसलो. त्यांनी पिशवीतून बोरं काढून मला दिली.

मी म्हटलं, "ताई, शिबिराचं जरा... तुम्ही नाही आलात तर बरं."

"का गो?"

"मुलींना त्रास होतो. त्यांना तिची आठवण येते तुम्हाला बघून."

"यायलाच पायजे की आठवण," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "माझी मुलगी घाबरते तुम्हाला. नीट झोपत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तिनं सांगितलं?"

"हो."

"माजी भीती वाटते, आसं?"

"हो."

तेवढ्यात गाडी लागली. त्या उठल्या. पिशवीतून दोऱ्यांचं भेंडोळं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "मग या र्‍हाऊ द्या तुमच्याकडं. तंबूला लागतील. गडाखाली वारा लई असतो." गाडीत चढल्या, खिडकीशी बसल्या. मी हात केला. त्यांनी केला नाही, पण तोंडही फिरवलं नाही. गाडी सुटेपर्यंत बघत होत्या.

ताईंना काय सांगितलंत, असं आयांनी विचारलं तेव्हा त्यांनाही मी तेच कारण सांगितलं. शिबिराला आम्ही शाळेच्या बसनं गेलो. पायथ्याच्या गावाबाहेर तिथल्या शाळेच्या मैदानात तंबू ठोकायचे होते. वारा होता, अगदी त्यांनी सांगितला होता तसा. मुलींनी त्यांच्याच दोऱ्यांनी, त्यांनीच शिकवलेल्या गाठींनी तंबू बांधले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की गड सोडा, मैदानाच्या कडेचं आंब्याचं झाडही दिसत नव्हतं. मी चहाचं बघायला बाहेर आले. मोगरा टोळीच्या तंबूपाशी एक बाई वाकून खुंटीची दोरी चाचपत होती. कासोटा, डोक्याला फडकं, तीच अंगकाठी. माझ्या तोंडून "ताई" निघालं. ती बाई वळली. गावातलीच कोणी म्हातारी होती, लाकडाची मोळी खाली ठेवून नवलानं तंबू बघत होती. "तुमचं नुसतं बघत व्हते, बाय," ती म्हणाली आणि मोळी उचलून गेली.

एवढंच घडलं. पण त्यानंतर मला ताई सगळीकडे दिसायला लागल्या. स्टँडवर, बाजारात, ऑफिसात दाखला मागायला आलेल्या बायांच्या रांगेत. जिवंत बाईचं असं भूत होतं हे मला माहीत नव्हतं.

त्याच दुपारी ओढ्यावर ताटं धुताना एक आई माझ्या मुलीला मायेनं म्हणाली, "आता भ्यायचं नाही हं. त्या ताई आलेल्या नाहीत इथे."

मुलगी म्हणाली, "मी कशाला भिऊ मावशींना?"

"अगं, तुझ्या आईनंच सांगितलं ना त्यांना, तू घाबरतेस म्हणून."

मुलीनं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी चार पावलांवर होते.

"मी कधी म्हटलं?"

"अगं, त्यांना वाईट वाटू नये म्हणून..."

"माझं नाव घेऊन सांगितलंस?"

तिला रडूही आलं नाही. बाकीची ताटं तिनं धुतली, पुसली, उचलून नेली. उरलेला दीड दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर बोलायची, पण लागेल तेवढंच. भाजीत मीठ कमी आहे. सही हवी आहे. जाते.

जानेवारीत एका रविवारी ती चपला घालून दारात उभी राहिली. "मी मावशींकडे चाललेय. मला सांगायचंय की मी म्हटलं नव्हतं. तू येणार असशील तर ये."

आम्ही टोकावड्याच्या गाडीत बसलो. उतरल्यावर तिथून ताईंच्या गावापर्यंत चालत गेलो. वाटभर मी काय बोलायचं ते जुळवत होते. घराला कडी होती. शेजारच्या बाईनं सांगितलं, वालाच्या शेतात आहेत. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरलेला होता. ताई ओणव्या होऊन शेंगा तोडत होत्या. आम्हाला बघून उभ्या राहिल्या. वाळल्या होत्या. माझी मुलगी बांधावरून धावत गेली आणि लांबूनच ओरडली, "मावशी, मी नव्हतं म्हटलं! मी कधीच नव्हतं म्हटलं!"

ताईंनी तिला जवळ घेतलं. "माहीत हाय गो," त्या म्हणाल्या. "तवाच माहीत व्हतं."

मी जवळ पोचले होते. "तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम, तुमी बोलताना माज्याकडं नव्हत्या बघत. गाडी यायची तिकडं बघत व्हत्या."

"मग बोलला का नाहीत? भांडायचं होतंत माझ्याशी."

त्यांनी ओच्यातल्या शेंगा टोपलीत ओतल्या. "काय भांडू? भीती तुमालाच वाटत व्हती. पोर आसल्यावर वाटते. मला बी वाटायची, माजी व्हती तवा." मग म्हणाल्या, "मी काय तुमची पोर नेनार नव्हते."

मी माफी मागितली. जुळवलेलं सगळं विसरून नुसती मागितली. त्यांनी मान हलवली. त्याचा अर्थ दिली असा होता की ऐकलं असा, हे मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर विचारायचा धीर झाला नाही. मी म्हटलं, "शनिवारी या ना परत. मी सगळ्यांना सांगते, मी खोटं बोलले." त्या म्हणाल्या, "नाय. आता नको. ज्यासाठी तितं येत व्हते, ते आता मोडलं."

घरी नेऊन त्यांनी चहा केला. मुलगी चुलीपाशी बसली होती. चहा झाल्यावर ताई मला म्हणाल्या, "मॅडम, तुमी जरा भाईर बसा. मला हिच्याशी बोलायचंय."

मी खळ्यात जाऊन बसले. दार अर्धं लोटलेलं होतं. आतून दोघींचे आवाज येत होते, शब्द नाही. मध्येच एकदा मुलगी रडली, खूप रडली. ताप येऊन मैत्रीण गेली तेव्हासुद्धा ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मी उठले आणि परत बसले. ते रडणं माझ्यासाठी नव्हतं. मी तिला तेव्हा इथे आणलं असतं तर ते चार महिन्यांपूर्वीच होऊन गेलं असतं. मग ताईंचा आवाज, बराच वेळ, एकसारखा.

पुढच्या शनिवारी मी कॅप्टन बाईंना आणि बाकीच्या आयांना सांगितलं की मुलीच्या नावावर मी खोटं बोलले. एकजण म्हणाली, "जाऊ द्या हो, झालं ते चांगल्यासाठीच झालं." कॅप्टन बाई त्या संध्याकाळी एकट्याच ताईंकडे जाऊन आल्या, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. ताई पथकात परत आल्या नाहीत. मी अजून शनिवारी जाते. मुलगी आता नववीत आहे आणि महिन्यातून एकदा रविवारी ताईंकडे जाते. मला बोलावत नाही. बोलावलं नाही तर मी जात नाही.

तिथून आली की तिच्या कपड्यांना चुलीच्या धुराचा वास असतो. तिला आंघोळ कर असं मी आता म्हणत नाही. त्या रविवारी लोटलेल्या दाराआड ताईंनी तिला काय सांगितलं, ते तिनं मला सांगितलेलं नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती, डोळे सुजलेले. मला विचारायचं होतं. घाट उतरून आलेली गाडी भरलेली होती, माणसं दाटीनं उभी होती. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही.